अभिजात आणि क्रिओल : भाषिक समतेचा नैतिक प्रश्न

एप्रिल १९६८ मध्ये जमैकातील मोना येथे, वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या आवारात, पिजिन आणि क्रिओल भाषांवर एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिच्यातून सिद्ध झालेला, डेल हाइम्स यांनी संपादित केलेला ग्रंथ १९७१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केला. क्रिओल भाषांच्या अभ्यासाला स्वतंत्र ज्ञानशाखेची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या ग्रंथांत त्याची गणना होते. जमैका, हैती, क्युरासाव यांच्याबरोबर या ग्रंथात महाराष्ट्रही आहे, ही गोष्ट मात्र मराठीच्या पदव्युत्तर वर्गांत फारशी सांगितली जात नाही. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा निबंध सांगली जिल्ह्यातील कुपवाडविषयी आहे. एका गावात शतकानुशतके शेजारी नांदलेल्या मराठी, कानडी आणि उर्दू या भाषांची वाक्यरचना इतकी एकरूप झाली आहे, की शब्दाच्या जागी शब्द ठेवून एकीतून दुसरीत जाता यावे, असे त्यांना आढळले. फ्रँकलिन साउथवर्थ यांचा निबंध याहून धीट आहे. मराठीच्या उगमकाळी एखादी क्रिओलीकरणाची अवस्था होऊन गेली असावी काय, असा प्रश्न तो विचारतो. शब्दसंग्रह आर्यभाषांचा आणि वाक्यरचनेच्या अनेक अंगांनी जवळीक द्राविड भाषांशी, या विसंगतीचा उलगडा तो सामाजिक स्तरांतील संपर्काच्या आधारे करू पाहतो.

साउथवर्थ यांचे अनुमान पुढे सर्वमान्य झाले नाही. दीर्घकाळच्या द्वैभाषिकतेने ज्या गोष्टींचा उलगडा होतो त्यांच्यासाठी पिजिनची अवस्था गृहीत धरण्याचे कारण नाही, हा त्यावरचा आक्षेप सबळ आहे. आणि स्वतः साउथवर्थ यांनीही ते मांडले ते तपासून पाहण्याजोगे अनुमान म्हणूनच. परंतु येथे विचार करावयाचा आहे तो अनुमानाच्या खरेखोटेपणाचा नव्हे. ‘मराठी ही एके काळी क्रिओल असावी’ हे वाक्य ऐकताच मराठी भाषकाला अपमान झाल्यासारखे का वाटते, हा प्रश्न आहे. आम्ही आणि आपण हा भेद, ‘मी काल आणलेला कांदा’ ही कृदन्ताने साधलेली रचना, नाही-नको-नये-नव्हे ही नकाराची भरगच्च मालिका, ‘येतो म्हणून सांगितले’ मधला ‘म्हणून’, या गोष्टींची चर्चा द्राविड साम्य म्हणून केली तर कोणी दुखावत नाही. विश्वनाथ खैरे यांनी ‘द्रविड महाराष्ट्र’ या पुस्तकात तमिळशी नाते जोडले तेव्हा वाद झाले, पण तेथे एका प्राचीन कुळाऐवजी दुसरे प्राचीन कुळ मिळत होते. क्रिओल या शब्दाने मात्र कूळच जाते.

शब्दांच्या मुळाकडे पाहिले तर हा सल कशाचा आहे ते उघड होते. ‘अभिजात’ म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला. ‘क्रिओल’ हा शब्द पोर्तुगीज ‘क्रिओलो’वरून आलेला असून त्याच्या मुळाशी ‘क्रियार’ म्हणजे वाढवणे, पोसणे हे क्रियापद आहे. वसाहतीत जन्मून, धन्याच्या घरी किंवा मळ्यावर वाढलेल्याला तो लावला जाई. एक शब्द जन्माची ग्वाही देतो, दुसरा संगोपनाची नोंद करतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यासाठी प्रा. रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जो पुरावा मांडला तो स्वाभाविकपणेच प्राचीनतेचा होता. शिलालेख, गाथासप्तशती, महाराष्ट्री प्राकृत यांचा होता. शासकीय निकषच तसे असताना समितीने दुसरे काय करावयाचे होते? त्या दर्जाने अभ्यासाला निधी मिळणार असेल तर तो इष्टच आहे. प्रश्न आहे तो या युक्तिवादाच्या उरलेल्या अर्ध्या भागाचा. मराठी प्राचीन आहे म्हणून ती आदरणीय आहे असे म्हटले, की जी भाषा प्राचीन नाही तिच्याविषयी काय म्हणावयाचे हे न बोलताच ठरून जाते. सतराव्या शतकात फ्रेंच मळ्यांवर घडू लागलेली हैतीची भाषा या मापाने कधीच आदराला पात्र ठरणार नाही, आणि ज्यांच्या पूर्वजांना जहाजांत कोंबून तेथे नेले त्यांनी ताम्रपट सादर करावेत अशी अपेक्षाही कोणी करणार नाही.

म्हणूनच कॅरिबियन भाषांचा अभ्यास भाषाविज्ञानाच्या जोडीने करण्याला मराठीच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने एक नैतिक अंग आहे. दूरच्या बेटांची माहिती मिळते हा त्याचा गौण लाभ. मुख्य गोष्ट अशी, की कुळाचा आधार काढून घेतल्यावर भाषेच्या प्रतिष्ठेसाठी कोणता आधार उरतो, हे या भाषांच्या बाबतीत टाळता येत नाही.

हा प्रश्न ग्रंथालयापुरता नाही. पिंपळगाव बसवंतचे उदाहरण घ्यावे. निफाड तालुक्यातील, मुंबई-आग्रा महामार्गावरचे हे गाव द्राक्षांसाठी आणि कांदा-टोमॅटोच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. उत्तरेला चांदवड ओलांडून मालेगाव, सटाणा, कळवणच्या दिशेने गेले की अहिराणीचा मुलूख लागतो. पश्चिमेकडून, पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून, कोकणा आणि इतर आदिवासी बोली बोलणारी कुटुंबे द्राक्षबागांच्या कामाला येतात. टोमॅटोच्या हंगामात उत्तरेकडचे व्यापारी येतात आणि सौदे हिंदीत होतात. ही हिंदी कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. बागेत छाटणी हा मराठी शब्द टिकून आहे, पण ‘थिनिंग’ आणि ‘डिपिंग’ हे शब्द शाळेत न गेलेल्या मजूर स्त्रियाही सहज वापरतात. बाजारात ‘गोल्टी’ आणि ‘वक्कल’ यांचा अर्थ ज्याला कळत नाही त्याला कांदा विकता येत नाही. याला क्रिओल म्हणणे अर्थातच चूक ठरेल. क्रिओल ही विशिष्ट ऐतिहासिक हिंसेतून निपजलेली गोष्ट आहे, आणि प्रत्येक मिश्रणाला तो शब्द लावण्याची अलीकडची सैल सवय त्या हिंसेचा विसर पाडते. पण अशा परिसरातून पदव्युत्तर वर्गात येणारा विद्यार्थी संपर्कभाषांच्या प्रक्रिया पुस्तकातून शिकत नाही. त्या त्याला आधीच अवगत असतात. पुस्तकातून तो शिकतो ते एवढेच, की आपल्याला अवगत असलेल्या या गोष्टीला विद्यापीठ ज्ञान मानते की अज्ञान.

विद्यापीठाचे उत्तर दुहेरी असते, आणि खरा पेच येथे आहे. भाषाविज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेसाठी विद्यार्थी पाठ करतो, की सर्व भाषा आणि बोली आपापल्या परीने नियमबद्ध असतात, शुद्ध-अशुद्ध हा भेद भाषावैज्ञानिक नसून सामाजिक आहे. ना. गो. कालेलकर यांच्यापासून हा विचार मराठीत स्वच्छ भाषेत मांडला गेला आहे, अ. मा. घाटगे यांनी मराठीच्या बोलींची जी सर्वेक्षणे प्रसिद्ध केली ती याच भूमिकेचे मूर्त रूप होती. तीच उत्तरपत्रिका तपासताना मात्र ‘पानी’ या शब्दाखाली लाल रेघ ओढली जाते. णकाराच्या जागी नकार उच्चारणे हा खानदेशाचाच नव्हे, तर महाराष्ट्राच्या फार मोठ्या भागाचा नियमित उच्चार आहे. हिंदीच्या प्रश्नपत्रिकेत हेच ‘पानी’ बरोबर असते. म्हणजे एकच ध्वनी एका तासाला अज्ञान आणि दुसऱ्या तासाला ज्ञान ठरतो. आणि विद्यार्थ्याने ज्या वाक्यात लिहिले असते की कोणताही उच्चार मूलतः अशुद्ध नसतो, त्याच वाक्याचे गुण त्या उच्चारामुळे कमी होतात.

याला ढोंग म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. भाषाविज्ञानाची समता ही वर्णनाची समता आहे. शरीरशास्त्राच्या दृष्टीने सर्व शरीरे सारखी असतात, म्हणून सर्वांना सारखे अन्न मिळते असे नाही; आणि मिळावे की नाही हे शरीरशास्त्र सांगतही नाही. हैतीच्या क्रिओलचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. ‘म्वें मांजे’ म्हणजे मी खाल्ले. ‘म्वें आप मांजे’ म्हणजे मी खातो आहे. ‘म्वें ते मांजे’ म्हणजे त्याच्या आधी खाल्ले होते, आणि ‘म्वें ताप मांजे’ म्हणजे मी खात होतो. क्रियापदाचे रूप हलत नाही. काळ आणि क्रियेची अवस्था त्याच्यापूर्वी येणारे छोटे शब्द ठरलेल्या क्रमाने दाखवतात. ज्या फ्रेंच माणसाला यात आपल्या क्रियापदांची मोडतोड दिसली, त्याला व्यवस्था दिसली नाही. अहिराणीतले ‘करी ऱ्हायना’ ऐकून ज्याला ‘करतो आहे’चा अपभ्रंश दिसतो त्याची स्थिती वेगळी नाही. (जमैकन भाषेत प्रथमपुरुषी सर्वनाम ‘मी’ असेच उच्चारले जाते, हा निव्वळ योगायोग आहे, पण वर्गात तो उपयोगी पडतो.) एवढे दाखवून भाषाविज्ञान थांबते. व्यवस्था आहे, म्हणून त्या व्यवस्थेत बोलणाऱ्याला न्यायालयात, वर्गात, मुलाखतीत ऐकून घेतले पाहिजे, ही पुढची पायरी वर्णनातून निघत नाही. ‘हा भेद भाषावैज्ञानिक नसून केवळ सामाजिक आहे’ असे म्हणताना त्या ‘केवळ’ने जणू विषय संपवला जातो. वास्तविक विषय तेथे सुरू होतो.

कॅरिबियन विद्यापीठांचा इतिहास या बाबतीत मराठी अभ्यासकाने बारकाईने पाहण्यासारखा आहे. मोना येथील महाविद्यालय १९४८ साली लंडन विद्यापीठाच्या छायेत सुरू झाले. आजही तेथे आधुनिक भाषा व साहित्यांचा विभाग वेगळा आहे आणि भाषा, भाषाविज्ञान व तत्त्वज्ञान यांचा वेगळा. ही विभागणी निरागस नाही. ‘आधुनिक भाषा’ ही संज्ञा युरोपीय विद्यापीठांत ग्रीक-लॅटिनच्या विरोधात घडली. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश यांना पदवीच्या दर्जाचे विषय म्हणून मान्यता मिळवून देण्यासाठी ती वापरली गेली. एके काळी ती दार उघडणारी संज्ञा होती. पण दार उघडून आत आल्यावर फ्रेंचने ते आपल्यामागे लावून घेतले. क्रिओलहून आधुनिक भाषा दुसरी कोणती असणार? तरीही आधुनिक भाषांच्या विभागात फ्रेंच आणि स्पॅनिश शिकवल्या गेल्या, आणि जमैकन भाषा विद्यापीठात आली ती भाषाविज्ञानाच्या बाजूने, वर्णनाचा विषय म्हणून. फ्रेडरिक कॅसिडी आणि रॉबर्ट ल पाज यांचा जमैकन इंग्रजीचा कोश १९६७ चा. त्याच्या एक वर्ष आधी बेरिल बेली यांनी जमैकन क्रिओलच्या वाक्यरचनेवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. बेली स्वतः जमैकन होत्या. आपल्या घरच्या भाषेला वाक्यरचना असते हे त्यांनी इंग्रजीत सिद्ध केले. जमैकन भाषा एकक मोना येथे २००२ साली स्थापन झाले.

मराठी विभागांतील रचना पाहिली की साम्य लपत नाही. मुंबई विद्यापीठात देशी भाषांना उच्च परीक्षांत स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे यांना झगडावे लागले होते. त्या झगड्यात मराठी ही संस्कृत आणि इंग्रजीच्या पायरीशी उभी असलेली, ‘अद्याप अप्रगल्भ’ म्हणून हिणवली गेलेली भाषा होती. ती विद्यापीठात आली, आणि आता तिच्या विभागांत अहिराणी ‘भाषाविज्ञान आणि बोली’ अशा एखाद्या प्रश्नपत्रिकेत उदाहरण म्हणून येते. मराठीत निबंध लिहिला जातो; अहिराणीवर टीप लिहिली जाते. ग्रियर्सनने १९०७ साली आपल्या भाषिक पाहणीत खानदेशीला मराठीच्या खंडात जागा न देता भिल्ल भाषांच्या खंडात ठेवले, म्हणून मराठी अभ्यासकांनी त्याच्याशी वाद घातला आणि ती मराठीचीच बोली आहे असे प्रतिपादन केले. भारताची जनगणना मात्र खानदेशी स्वतंत्र भाषा म्हणून मोजते, आणि २०११ च्या गणनेत तिचे भाषक सुमारे १८ लाख ६० हजार आहेत. वर्गीकरणाचा निर्णय कोणताही असो. ‘आमचीच’ म्हणून आत घेतलेल्या भाषेला आत आल्यावर कोणते आसन दिले, हा प्रश्न वर्गीकरणापेक्षा महत्त्वाचा आहे.

फ्रेंच अँटिलीसमध्ये दुसरी वाट चोखाळली गेली. जाँ बर्नाबे यांनी १९७० च्या दशकात तेथील विद्यापीठात क्रिओलच्या अभ्यासाचा गट उभा केला. त्यांनी, पात्रिक शामोआझो आणि राफाएल कोंफियाँ यांनी मिळून १९८९ साली क्रिओलत्वाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. साहित्य-समीक्षकांना परिचित असतो तो हा जाहीरनामा. परंतु भाषेच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीने २००१ ची एक प्रशासकीय घटना कदाचित अधिक मोलाची ठरावी. त्या वर्षी फ्रान्सच्या शिक्षण खात्याने माध्यमिक शिक्षकांच्या निवडीसाठी असलेल्या स्पर्धापरीक्षेत क्रिओल हा विषय निर्माण केला. जाहीरनाम्याने क्रिओलचा गौरव झाला होता. या परीक्षेमुळे क्रिओलमध्ये नापास होणे शक्य झाले. ज्या भाषेत नापास होता येत नाही, तिला संस्थेने अजून भाषा मानलेले नाही. अर्थात तेथेही लगेच प्रश्न उठले. मार्तिनिक, ग्वादलूप, गयाना आणि रेयुनियाँ यांच्या क्रिओल भाषा एकच नव्हेत. मग एका परीक्षेत कोणती शुद्ध मानावयाची? प्रतिष्ठेबरोबर प्रमाणीकरण आले, आणि प्रमाणीकरणाबरोबर नवी लाल शाई.

येथे उलट बाजूचा युक्तिवाद पूर्ण ताकदीने मांडला पाहिजे, कारण बोलींच्या कैवाऱ्यांनी तो बहुधा हलक्यात काढला आहे. हैतीत १९८० च्या आसपास, शिक्षणमंत्री बर्नार यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुधारणेने प्राथमिक शाळेत क्रिओल माध्यम आणले, तेव्हा तिला विरोध केवळ फ्रेंच बोलणाऱ्या उच्चभ्रूंनी केला नाही. ज्यांच्या घरी क्रिओलशिवाय दुसरी भाषा नव्हती, अशा गरीब आईबापांतही तिच्याविषयी साशंकता होती. आपल्या मुलांना फ्रेंचपासून दूर ठेवण्याचा हा डाव आहे असे त्यांना वाटले. ते अडाणी होते असे म्हणणे हा त्यांच्यावरचा दुसरा अन्याय होईल. भाषेच्या बाजारात कशाला काय भाव मिळतो हे त्यांना पक्के ठाऊक होते. पिंपळगावच्या बाजार समितीत माल आणणारा शेतकरी मुलाला इंग्रजी माध्यमात घालतो, तो मराठीचा द्वेष करतो म्हणून नव्हे. ज्या प्राध्यापकाला प्रमाण मराठी येते, त्याने आदिवासी विद्यार्थ्याला ‘तुझी बोलीच सुंदर आहे, तीच जप’ असे सांगणे यात एक प्रकारची क्रूरता असू शकते. ज्याच्या घरी शिडी आहे त्यानेच शिडीची निंदा करावी, असा हा प्रकार होतो. १९८७ च्या संविधानाने हैतीत क्रिओल फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषा झाली, तरी न्यायालय आणि शासनव्यवहार यांवरची फ्रेंचची पकड त्याने सुटली नाही; आईबापांचा हिशेब सर्वस्वी चुकीचा नव्हता.

या युक्तिवादाने प्रमाणभाषा शिकवण्याचे समर्थन होते; ते मान्य केले पाहिजे. पण ‘पानी’ हे अशुद्ध आहे असे सांगण्याचे समर्थन त्यातून होत नाही. या दोन गोष्टी इतक्या सवयीने एकत्र येतात, की त्या वेगळ्या आहेत हेच विसरले जाते. ‘लेखनात आपण सर्वांनी पाणी असे लिहावयाचे ठरवले आहे’ हे एका संकेताचे कथन आहे. तो संकेत कोणी, केव्हा ठरवला हे सांगता येते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली शासनाने मान्य केले आणि १९७२ साली त्यांत भर पडली. ‘पानी हे अशुद्ध आहे’ हे मात्र बोलणाऱ्याविषयीचे विधान आहे, आणि ते खोटे आहे. हैतीचे भाषाशास्त्रज्ञ मिशेल दग्राफ यांनी २००३ पासूनच्या आपल्या लेखनात जो आरोप केला तो याच जातीचा. क्रिओल भाषा इतर भाषांहून जात्याच वेगळ्या, साध्या, अपुऱ्या असतात, हा समज वसाहतीच्या काळातला असून खुद्द भाषाविज्ञानाने तो शास्त्रीय परिभाषेत जपून ठेवला, असे ते म्हणतात. त्यांच्या प्रतिपक्षाजवळही मुद्दे आहेत आणि वाद संपलेला नाही. तरी एवढे त्यातून घेता येते, की समतेचा उद्‍घोष करणारे शास्त्रही आपल्या वर्गवारीत विषमता वागवू शकते. मग परीक्षकाच्या हातून ती घडावी यात नवल नाही.

साहित्यसमीक्षेचा या सर्वांशी संबंध दिसतो त्याहून निकटचा आहे. लेखनाचे नियम सामान्य लेखनात ‘केले’ मागतात आणि ‘केलं’ला जागा देतात ती संवादापुरती, पात्राच्या तोंडी. बोलीला साहित्यात प्रवेश आहे, पण अवतरणचिन्हांच्या आत. निवेदक प्रमाणभाषेत बोलतो; तो जाणतो, तोलतो, निवाडा करतो. पात्र बोलीत बोलते. ते जाणले जाते. त्रिनिदादचे सॅम सेल्व्हन यांनी १९५६ च्या ‘द लोनली लंडनर्स’ या कादंबरीत निवेदनच त्रिनिदादच्या वळणाच्या भाषेत केले, तेव्हा त्यांनी केवळ रंगत आणली नाही. जाणण्याचा अधिकार हलवला. मराठीत आनंद यादव यांची ‘गोतावळा’ आणि रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ या दोन्ही कादंबऱ्या १९७१ च्या, मोना परिषदेचा ग्रंथ निघाला त्याच वर्षीच्या. दोन्हींत निवेदन बोलीचे आहे. या कादंबऱ्यांवर पुष्कळ चांगले लिहिले गेले. परंतु त्यांच्या भाषेची चर्चा ‘अस्सलपणा’, ‘मातीचा गंध’, ‘प्रादेशिक जिवंतपणा’ अशा शब्दांत होत राहिली, आणि हे शब्द स्तुतीचे असूनही त्यांनी ती भाषा पुन्हा अवतरणचिन्हांतच नेऊन ठेवली. प्रमाण मराठीतील कादंबरीच्या भाषेला मातीचा गंध आहे की नाही, असे कोणी विचारत नाही. विचार करण्याची भाषा म्हणून, म्हणजे अमूर्त गोष्ट धरण्याचे साधन म्हणून, बोलीची परीक्षा मराठी समीक्षेने क्वचितच केली. बहिणाबाईंच्या बाबतीत ती थोडीबहुत झाली, तीही बहुतेक वेळा ‘अशिक्षित असूनही’ या पालुपदासह.

कॅरिबियन परीक्षा मंडळाच्या उच्च पातळीवरील ‘संप्रेषण अभ्यास’ या विषयात भाषा आणि समाज यांवर एक घटकच आहे. सतरा-अठरा वर्षांची मुले त्यात आपल्या समाजातील क्रिओल, तिच्याविषयीचे पूर्वग्रह आणि भाषाभेदांचे सामाजिक अर्थ यांचा अभ्यास करतात. उत्तरे इंग्रजीत लिहावी लागतात. त्यातील विसंगती स्पष्टच आहे, पण तिच्यात एक प्रामाणिकपणाही आहे. ज्या मापाने आपल्याला मोजले जाते ते माप या मुलांना अभ्यासाचा विषय म्हणून दाखवले जाते. पिंपळगाव बसवंतसारख्या ठिकाणच्या वर्गात असे काही करावयाचे तर त्यासाठी फार मोठ्या साधनांची गरज नाही. लिलावातील बोलण्याचे ध्वनिमुद्रण, बागेतील मजुरांच्या संभाषणातील सर्वनामे, घरच्या बोलीतील नकाराची रूपे, हे सर्व चालत जाण्याच्या अंतरावर आहे. अडचण आहे ती मूल्यमापनाची. विद्यार्थ्याने सुरगाण्याकडच्या आपल्या बोलीत ‘नको’ आणि ‘नये’ यांचे काम कसे चालते याचे अचूक विवेचन केले, आणि ते करताना ऱ्हस्वदीर्घाच्या दहा चुका केल्या, तर परीक्षकाने काय करावे? गुण कापले तर विवेचनातील सत्य शिक्षेला पात्र ठरते. न कापले तर पुढच्या स्पर्धापरीक्षेत ते कापले जाणार, हे परीक्षकाला माहीत असते. चुका दाखवाव्यात, त्यांना संकेतभंग म्हणावे, अशुद्धी म्हणू नये, आणि या उत्तराचे गुण विवेचनावरच द्यावेत, हा त्यातल्या त्यात समर्थनीय मार्ग दिसतो. त्याने परीक्षकाचा पेच सुटत नाही. निदान तो विद्यार्थ्यापासून लपवला जात नाही.

ज्यांच्या बाबतीत हा पेच आणखी एक वळण घेतो असे मराठी भाषकही आहेत. मॉरिशसमध्ये कोकणातून गेलेल्या कुटुंबांचे वंशज शाळेत मराठी शिकतात. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ती उच्च पातळीवरही शिकवली जाते. पण घरी आणि रस्त्यावर बोलली जाते ती बहुतेक मॉरिशसची क्रिओल. त्यांच्यासाठी मराठी ही पूर्वजांची भाषा आहे, अभिजात या शब्दाच्या मूळ अर्थाने जन्माची. आणि क्रिओल ही, आपल्या मूळ अर्थाने, वाढवणारी. क्रिओल तेथील प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून आली ती २०१२ साली. मातृभाषा कोणती, या प्रश्नाला अशा मुलाने काय उत्तर द्यावे हे महाराष्ट्रातून ठरवण्याचे कारण नाही. त्या उत्तराने मराठीचा अपमान होतो असे मानण्याचेही नाही.

आणि क्रिओल भाषा पाहण्यासाठी इतक्या दूर जाण्याची गरज तरी कोठे आहे? कुंडलिकेच्या मुखाशी, मुरूड तालुक्यातील कोर्लई येथे, पोर्तुगीज शब्दांवर उभी असलेली एक क्रिओल भाषा आजही बोलली जाते. चौल आणि कोर्लई १७४० मध्ये मराठ्यांच्या ताब्यात आली आणि पोर्तुगीज निघून गेले. मागे राहिलेल्या ख्रिस्ती गावकऱ्यांनी त्यांची नसलेली ती भाषा जपली आणि बदलली. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्माच्या आधी येते. कोर्लईच्या भाषेत ते मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी जाऊन बसले. गोव्याचे सेबास्तियाँव रुदोल्फु दाल्गादो यांनी १९०६ मध्येच या उत्तरेकडील इंडो-पोर्तुगीजवर लिहिले होते. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांचा कोर्लईच्या भाषेवरचा सविस्तर ग्रंथ १९९६ चा. भाषक हजाराच्या आत आहेत. ते तिला ‘नॉ लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. महाराष्ट्रातील एखाद्या विद्यापीठाने ती शिकवावयाचे उद्या ठरवले, तर मराठीचा विभाग तिला पोर्तुगीज म्हणून नाकारील, विदेशी भाषांचा विभाग विदेशी नाही म्हणून. आणि भाषाविज्ञानाचा विभाग तिच्यावर प्रबंध लिहवून घेईल.